जिन्याचं दार उघडं ठेवा

पुण्याच्या पूर्वेकडच्या एका बहुमजली ऑफिसात या आठवड्यात ‘स्टेप चॅलेंज’ सुरू झालं. रोज १०,००० पावलं, टीमवार गुण, महिनाअखेरीला पहिल्या तिघांना गिफ्ट व्हाउचर. पोरं लगेच कामाला लागली. कुणी फोनवर बोलता बोलता मीटिंग रूमभोवती चकरा मारतंय, कुणी रात्री जेवण झाल्यावर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उरलेली पावलं पुरी करतंय. उपक्रम चांगलाच आहे. राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. या इमारतीत सहाव्या मजल्यावरून पाचव्यावरच्या कॅन्टीनला जिन्याने जाता येत नाही. दाराला कार्ड लागतं आणि ते कार्ड सिक्युरिटीकडे. एक मजला उतरायला दुपारी एक वाजता वीस-पंचवीस जणं लिफ्टसमोर ताटकळत असतात.

आधी आकड्याचं बघू. १०,००० पावलांचं लक्ष्य एखाद्या वैद्यकीय समितीने ठरवलेलं नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये, एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच हा गोल आकडा घातला. तो जगभर टिकला. २०१९ मध्ये हार्वर्डच्या आय-मिन ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे १७,००० वयस्क स्त्रियांची पावलं मोजली. दिवसाला साधारण ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येही मृत्यूचं प्रमाण कमी चालणाऱ्यांपेक्षा स्पष्ट खाली आलेलं दिसलं, आणि ७,५०० च्या आसपास हा फायदा स्थिरावला. तेव्हा सात हजारांवर अडकलेल्यांनी जिवाला लावून घेऊ नये.

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना इथला शिरस्ता ठाऊक आहे. पहाटे पाचला उठा, वर्षाची जिमची वर्गणी एकदम भरा, असले सल्ले इथे मिळत नाहीत. तिशीच्या आतबाहेरचा माणूस, रोजचे दोन तास प्रवासात आणि नऊ तास खुर्चीत घालवणारा, घरी आल्यावर कुकर लावणारा, त्याला जमेल तेवढंच सांगायचं. त्याला सगळ्यात सहज जमण्यासारखी गोष्ट म्हणजे जिना. तोही नेमका कुलपात.

जिन्याची थोरवी पहिल्यांदा आकड्यांत मांडली ती लंडनच्या बसवाल्यांमुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये हृदयविकाराने धडधाकट पुरुष पटापट जात होते आणि कारण नीट कळत नव्हतं. जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी लंडनच्या सार्वजनिक वाहतुकीतल्या हजारो कामगारांच्या नोंदी तपासायला घेतल्या. एकाच बसवर दोन माणसं. पगारात, वस्तीत, राहणीमानात फारसा फरक नाही. ड्रायव्हर पाळीभर बसून, कंडक्टर मात्र डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर जाऊन-येऊन तिकिटं फाडणारा. कंडक्टरच्या एका दिवसात ५०० ते ७५० पायऱ्या होत.

१९५३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष छापून आले. कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होत होता, आणि झाला तरी सुरुवातीलाच जीव जाण्याचं प्रमाण निम्म्याच्या घरात होतं. पोस्टातही तेच दिसलं. टपाल वाटत फिरणारे पोस्टमन टेबलाशी बसणाऱ्या कारकुनांपेक्षा सुरक्षित.

मॉरिस तिथे थांबले नाहीत, आणि हा माणूस मनापासून आवडावा तो याच कारणाने. कुणीतरी शंका काढणार की मुळात जाडे लोक ड्रायव्हर होत असतील. मग त्यांनी गणवेशांच्या नोंदी मागवल्या. प्रत्येक कामगाराच्या पॅंटचं कमरेचं माप कंपनीच्या दफ्तरात होतंच. ड्रायव्हरांच्या कमरा खरोखरच मोठ्या निघाल्या, अगदी तरुण ड्रायव्हरांच्याही. म्हणजे शंकेत तथ्य होतं, आणि मॉरिस यांनी ते लपवलं नाही, १९५६ मध्ये छापलं. पुढच्या अभ्यासात कमरेची मापं लक्षात घेऊन पुन्हा पाहिलं, तेव्हा बारीक असो की जाडा, कंडक्टरचं पारडं जडच राहिलं. शिंप्याच्या मापावरून हृदयाचा हिशोब मांडणारे हे डॉक्टर स्वतः नेमाने धावत, पोहत. २००९ मध्ये गेले तेव्हा वय ९९.

आपल्या बेस्टच्या डबलडेकरची आठवण इथे येणारच. १९३७ पासून मुंबईत धावणाऱ्या या बसची शेवटची डिझेल गाडी सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त झाली, आता विजेवरच्या आल्या आहेत. पण मुंबईत वरच्या आणि खालच्या मजल्याला वेगवेगळा कंडक्टर असे, त्यामुळे लंडनचं गणित तसंच्या तसं इथे लावता येत नाही. मुंबईकराच्या पायऱ्या वेगळीकडे आहेत. डोंबिवलीहून दादरला उतरून पूल चढणारा, पुढे ऑफिसच्या बाजूने उतरणारा, संध्याकाळी पुन्हा तेच करणारा माणूस व्यायाम म्हणून काहीच करत नाही आणि तरी रोज चढ-उतार करून मोकळा होतो. पुण्यात तसं नाही. वाकडहून हिंजवडीला दुचाकीने जाणारी मुलगी घरच्या लिफ्टने पार्किंगमध्ये, ऑफिसच्या बेसमेंटमधून लिफ्टने थेट डेस्कवर. दिवसभरात एक पायरी नाही. शहरात पर्वतीच्या १०३ पायऱ्या आहेत, सकाळी तिथे गर्दीही असते, पण त्या गर्दीत पंचविशीतले चेहरे कमी आणि निवृत्त मंडळी जास्त.

२०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ने जो अंदाज मांडला तो काळजी वाढवणारा आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते, आणि भारतातली जवळपास निम्मी प्रौढ माणसं तेवढंही करत नाहीत. स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२. हा फरक आळसाचा नाही. ऑफिसातल्या कुठल्याही मुलीला विचारा, जिन्याने का जात नाहीस. उत्तर तयार असतं: ‘अगं, तिथे लाइट नसतो, कुणी सिगारेट ओढत उभं असतं, आणि दार मागून लॉक झालं तर?’ अगदी रास्त उत्तर आहे. शंभर रुपयांचा बल्ब आणि एक कॅमेरा लावला तर यातलं बरंच काही सुटेल.

जिना बंद का ठेवतात याची कारणं सगळ्यांना पाठ आहेत. सुरक्षा, चोऱ्या, डेटा. पण बहुतेक ठिकाणी तो बंद नसतो, भरलेला असतो. वीस लिटरचे पाण्याचे जार, मोडक्या खुर्च्या, दिवाळीतल्या सजावटीचे खोके, हाउसकीपिंगच्या बादल्या. सोसायट्यांत त्यात चपलांचे रॅक आणि लहान मुलांच्या सायकली. आग लागली की लिफ्ट वापरायची नसते, जिना हीच वाट. महाराष्ट्रात अग्निसुरक्षेचा २००६ चा कायदा आहे. त्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा ठीक असल्याचं प्रमाणपत्र घेऊन सादर करायचं असतं. त्या दोन दिवसांपुरते जार हलतात हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. सुटकेच्या वाटेवर अडगळ ठेवणं हा गुन्हेगारी हलगर्जीपणा आहे, त्याला दुसरं नाव नाही.

आता कामाचं. पंधराव्या मजल्यावर ऑफिस असेल तर पंधरा मजले चढायला कुणी सांगत नाही. लिफ्टने तेराव्यावर उतरा आणि दोन मजले चढा. पहिला आठवडा फक्त उतरा, चढायचं नंतर बघू. गुडघे दुखत असतील, छातीत धडधड होत असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यात पडू नका. फाइल, लॅपटॉप आणि चहाचा कप एकाच वेळी घेऊन पायऱ्या चढू नका, एक हात कठड्यासाठी मोकळा हवा. आणि घाम येईल म्हणून घाबरू नका, दोन मजल्यांत सहसा येत नाही.

एवढ्याने काय होणार, असं वाटणं साहजिक आहे. भराभर जिना चढायला सपाटीवर रमतगमत चालण्याच्या दुपटीहून जास्त ताकद लागते. २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये ब्रिटनमधल्या, वेगळा व्यायाम न करणाऱ्या सुमारे २५,००० माणसांच्या मनगटी यंत्रांच्या नोंदी आल्या. दिवसातून तीनेक वेळा, मिनिट-दोन मिनिटं दम लागेल अशी हालचाल ज्यांच्या दिवसात आपोआप होत होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जवळपास ४० टक्के कमी आढळलं. असल्या अभ्यासांतून कारण छातीठोकपणे सिद्ध होत नाही, पण इशारा पुरेसा ठळक आहे. बस पकडायला धावणं, सामानाच्या पिशव्या घेऊन वर येणं, जिना चढणं, अशीच ही हालचाल असते.

जेवणानंतरची शतपावली मात्र सोडू नका. आजी-आजोबा सांगत आले त्याला २०१३ मधल्या एका लहानशा अभ्यासाने दुजोरा दिलाय: प्रत्येक जेवणानंतर पंधरा मिनिटं चालल्यावर वयस्क माणसांची दिवसभराची रक्तशर्करा सुधारली. कॅन्टीनमधून वर येताना तोच रस्ता जिन्याने घेतला तर दोन्ही कामं होतात.

तेव्हा सोमवारी ऑफिसात पोचलात की आपल्या मजल्यावरचं जिन्याचं दार एकदा ढकलून बघा. उघडलं तर दोन मजले चढा. नाही उघडलं, किंवा आत जार आणि खोके दिसले, तर अ‍ॅडमिनला लेखी मेल करा, शेजारच्या चार जणांची नावं त्यात घाला, आणि दिव्याची मागणी वेगळ्या ओळीत लिहा. सोसायटीत राहत असाल तर पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा मुद्दा टाका. काय उत्तर मिळालं ते या सदराकडे जरूर कळवा, चांगलं असो वा वाईट, इथे छापलं जाईल.