दीर्घायुष्याच्या दोन वाटा

साठी ओलांडलेले अनेक रुग्ण तपासणी संपत आली की हळूच एक प्रश्न विचारतात, ‘‘शेवटपर्यंत हातपाय चालते राहावेत, कोणावर भार होऊ नये, यासाठी काय घेऊ?’’ या प्रश्नातील ‘घेऊ’ या क्रियापदाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. काहीतरी घेतल्याने आयुष्य वाढते ही समजूत फार जुनी आहे. चीनमधील ताओ परंपरेने या समजुतीचा पाठपुरावा शतकानुशतके केला आणि तिची किंमतही मोजली. त्याच परंपरेने दुसरी, अधिक शहाणपणाची वाटही दाखविली. आजच्या लेखात या दोन्ही वाटांची ओळख करून घेऊ.

‘ताओ’ या शब्दाचा अर्थ मार्ग. सृष्टीचा एक सहज क्रम आहे आणि माणसाने त्याच्याशी झगडण्याऐवजी त्याला अनुसरून वागावे, हे या विचाराचे सूत्र. आपल्याकडे ‘पिंडी ते ब्रह्मांडी’ असे म्हणतात. ताओ विचारवंतही मानवी देहाला सृष्टीची लहान प्रतिकृतीच मानत. देहात ‘छी’ नावाची प्राणशक्ती वाहते. ‘यिन’ म्हणजे शीत, शांत, आत वळणारी बाजू आणि ‘यांग’ म्हणजे उष्ण, चंचल, बाहेर झेपावणारी बाजू. या दोहोंचा तोल राहिला आणि छीचा प्रवाह मोकळा राहिला की आरोग्य. तोल ढळला किंवा प्रवाह अडला की आजार. छी कोणत्याही सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही, हे मी आधुनिक वैद्यकाचा विद्यार्थी म्हणून स्पष्टपणे सांगतो. परंतु आजार हा बाहेरून आलेला शत्रू एवढाच नसून जगण्याच्या पद्धतीत झालेला बिघाडही असतो, हे त्यातील निरीक्षण मधुमेह आणि रक्तदाबाच्या आजच्या काळात खोटे कोण म्हणेल?

हा विचार व्यवस्थितपणे मांडणारा ग्रंथ म्हणजे ‘हुआंगदी नेइजिंग’, अर्थात पीत सम्राटाचा वैद्यकग्रंथ. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेला हा ग्रंथ सम्राट आणि त्याचा वैद्य छीबो यांच्या संवादाच्या रूपात आहे. तो संपूर्ण चिनी वैद्यकाचा पाया असला, तरी त्यावर ताओ विचाराची छाप स्पष्ट आहे. पूर्वीची माणसे शंभरी गाठत, आताची पन्नाशीतच का खचतात, असा प्रश्न सम्राट आरंभीच विचारतो. वैद्याच्या उत्तरात एकाही औषधाचे नाव नाही. अवेळी झोप, अमर्याद मद्यपान, अतिश्रम, अनावर वासना ही कारणे तो सांगतो. आजार उमटण्यापूर्वीच त्याची वाट रोखणारा तो श्रेष्ठ वैद्य, ही कल्पनाही याच ग्रंथात आहे. प्रतिबंधक वैद्यकाचे याहून जुने समर्थन क्वचितच सापडेल.

मात्र ताओ परंपरेत आजाराचा दुसराही एक अर्थ लावला जात असे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात उदयाला आलेल्या ‘दिव्य आचार्य’ पंथात आजार हे पापाचे फळ मानले जाई. रुग्णाला एकांत खोलीत बसवून त्याच्या दोषांचे चिंतन करायला लावीत. त्याची कबुली लिहून ती आकाश, भूमी आणि जल या तीन देवतांना अर्पण करीत. दोष किरकोळ असल्यास शंभर पावले लांबीचा रस्ता दुरुस्त करण्याचे प्रायश्चित्त असे. मन मोकळे केल्याने आणि लोकोपयोगी श्रम केल्याने काहींना उभारी येतही असेल. पण आजार म्हणजे पाप, हे समीकरण घातक आहे. आपल्याकडे कुष्ठरोग आणि क्षय यांचे रुग्ण याच समजुतीपायी आजार लपवीत आले आणि उपचाराची वेळ दवडीत आले. आपल्या घरात कोणी आजारी पडले, तर ‘तुझ्याच कर्माने झाले’ हे वाक्य उच्चारू नये. आजाऱ्याला आधार हवा असतो, निवाडा नव्हे.

आता दीर्घायुष्याकडे वळू. त्याची पहिली वाट रसायनाची. हिंगुळ, पारा, शिसे, सोमल अशी द्रव्ये भट्टीत शिजवून अमरत्व देणारी गुटिका करण्याचा ध्यास अनेक ताओ साधकांनी घेतला. तर्क असा, की सोने कधी गंजत नाही आणि हिंगुळ तापविला की त्यातून चमकता पारा प्रकटतो. तेव्हा असे द्रव्य पोटात गेले तर देहही अविनाशी होईल. प्रत्यक्षात पारा मूत्रपिंडे आणि मेंदू यांवर आघात करतो, तर शिसे रक्त आणि मज्जातंतू यांवर. तांग घराण्यातील वूझोंग हा सम्राट इ.स. ८४६ मध्ये ऐन तिशीत मरण पावला, तो अशाच गुटिकांच्या सेवनाने, असे इतिहासकार मानतात. अमर होण्यासाठी घेतलेल्या औषधाने तो पन्नाशीही पाहू शकला नाही. पुढे साधकांचा ओढा बाहेरच्या भट्टीकडून देहांतर्गत साधनेकडे, म्हणजे श्वास आणि ध्यान यांकडे, वळत गेला.

दुसरी वाट ‘यांगशेंग’ची, म्हणजे जीवनाच्या जोपासनेची. मित आहार, ऋतूनुसार दिनचर्या, संथ श्वसन, सौम्य व्यायाम आणि मनाची शांती ही तिची अंगे. १९७३ मध्ये चीनच्या हूनान प्रांतात मावांगदुई येथील एका थडग्यात रेशमी कापडावरील चित्रपट सापडला. इ.स.पूर्व १६८ मध्ये बंद झालेल्या या थडग्यातील त्या चित्रपटावर व्यायाम करणाऱ्या ४४ आकृती आहेत. त्यांत स्त्रिया आहेत, पुरुष आहेत, तरुण आहेत आणि वृद्धही आहेत. दीर्घायुष्याचा अभ्यास हे घरातील प्रत्येकाचे काम आहे, हे त्या चित्रकाराला ठाऊक असावे.

या वाटेचा थोर प्रवासी म्हणजे सातव्या शतकातील ताओ वैद्य सुन सिमियाओ. बालपणी तो स्वतः सतत आजारी असे आणि त्याच्या औषधपाण्यात घरची पुंजी खर्ची पडली होती. माणसाचा जीव हजार सुवर्णमुद्रांहून मोलाचा, या भावनेने त्याने आपल्या ग्रंथाचे नाव ठेवले. त्या ग्रंथात स्त्रिया आणि बालके यांच्या आजारांना त्याने अग्रस्थान दिले. आधी आहाराने उपचार करावा, त्याने भागले नाही तरच औषधाकडे वळावे, हा त्याचा दंडक. श्रीमंत-गरीब, मित्र-शत्रू असा भेद वैद्याने करू नये, हा त्याचा उपदेश आजही आम्हा डॉक्टरांना लागू आहे.

जुन्या ज्ञानाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा उत्तम धडा आणखी एका नावाशी निगडित आहे. चौथ्या शतकातील ताओ साधक गे होंग याने तातडीच्या उपचारांची एक पुस्तिका लिहिली. तापावर ‘छिंगहाओ’ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस प्यावा, असे त्यात नमूद आहे. १९७०च्या सुमारास हिवतापावर औषध शोधणाऱ्या तू यूयू यांचे या नोंदीतील एका बारकाव्याकडे लक्ष गेले: येथे काढा उकळलेला नाही. उष्णतेने गुण नष्ट होत असावा, असे ताडून त्यांनी कमी तापमानाला अर्क काढला. त्यातून आर्टेमिसिनिन हाती आले आणि २०१५ मध्ये तू यूयू यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज गडचिरोलीतील एखाद्या पाड्यावर फॅल्सिपॅरम हिवतापाच्या रुग्णाला जी गोळी दिली जाते, तिचे मूळ या नोंदीपर्यंत जाते. गे होंग मात्र स्वतः अमरत्वाच्या गुटिकांवरही तितकाच विश्वास ठेवी. ग्रंथ एका हातचे. त्यातील एक गोष्ट कसोटीला उतरली, दुसरी उतरली नाही. ‘प्राचीन आहे’ एवढ्यावरून कशाचाही स्वीकार वा धिक्कार करू नये.

यांगशेंगच्या वाटेवरील काही गोष्टीही कसोटीला उतरल्या आहेत. ताओ विचारांशी नाते सांगणारा ‘ताई ची’ हा संथ व्यायाम घ्या. पडण्याचा धोका असलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या ६७० व्यक्तींवर अमेरिकेत झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यातून दोनदा, २४ आठवडे ताई चीवर आधारित व्यायाम करणाऱ्यांमध्ये पडण्याचे प्रमाण, केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांपेक्षा ५८ टक्क्यांनी कमी आढळले. वृद्धापकाळी खुब्याचे हाड मोडले की माणूस अंथरुणाला खिळतो, हे ज्या कुटुंबांनी अनुभवले आहे त्यांना या आकड्याचे मोल सांगायला नको.

याउलट ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा भ्रम आजही बळी घेतो. १९९०च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींचे मिश्रण घेणाऱ्या सुमारे शंभर स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. मिश्रणात एका वनस्पतीऐवजी अ‍ॅरिस्टोलोकिया ही विषारी वनस्पती आली होती.

तेव्हा वाचकहो, ‘काय घेऊ?’ या प्रश्नाला माझे उत्तर असे. घटकद्रव्यांचा उल्लेख नसलेली कोणतीही पुडी वा भस्म, कोणीही दिले तरी, घेऊ नये; आधीच घेत असाल, तर आपल्या डॉक्टरांना ते न लपवता सांगावे आणि मूत्रपिंडांची तपासणी करून घ्यावी. रक्तदाबाची वा साखरेची चालू गोळी अशा कशासाठीही परस्पर थांबवू नये. रात्रीचे जेवण लवकर आणि दोन घास कमी असावे, झोपेची वेळ ठरलेली असावी. आणि रोज सकाळी, आधाराला भिंत जवळ ठेवून, एका पायावर दहा आकडे मोजेपर्यंत उभे राहण्याचा सराव करावा. ज्यांचा तोल फारच जातो त्यांनी सोबतीला कोणी असतानाच करावा. यासाठी औषधाच्या दुकानाची पायरी चढावी लागत नाही. आजी-आजोबांबरोबर नातवंडांनाही त्यात सामील करून घ्यावे.