दिवे लागल्यानंतरचं भय

अब्बांनी बहरीनहून व्हीसीआर आणला तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. पहिल्याच शनिवारी राजिवड्यातल्या आमच्या माजघरात चाळीसेक माणसं दाटीवाटीनं बसली आणि रामसे बंधूंचा 'वीराना' लागला. शेजारच्या काकी पदर तोंडावर घेऊन एका डोळ्यानं बघत होत्या. नानी आयतुल कुर्सी पुटपुटत होती, पण नजर काही हलवत नव्हती. कॅसेट संपली, ट्यूबलाइट लागली आणि सगळे एकमेकांना हसायला लागले. काकींचं दार आमच्यापासून दहा पावलांवर, तरी नानीला त्यांना सोडायला जावं लागलं. मग नानीला परत आणायला अम्मी गेली.

त्याच कपाटात मामूनं आणलेली 'थ्रिलर'ची कॅसेट होती. १९८३ साली आलेलं मायकेल जॅक्सनचं ते गाणं आजही माझ्या अंगावर काटा आणतं, विशेषतः शेवटी तो मागे वळून पिवळ्या डोळ्यांनी हसतो तेव्हा. पण ते सुरू होण्याआधी एक पाटी येते. माझ्या वैयक्तिक श्रद्धा पाहता ही फिल्म भूतविद्येवरच्या विश्वासाचं समर्थन करत नाही, अशा अर्थाची, खुद्द जॅक्सनच्या नावानं. तो तेव्हा यहोवा विटनेस पंथात होता आणि त्या मंडळींना हे नाचणारे मुडदे खपणार नव्हते. म्हणजे ज्याच्यावर कोणी विश्वास ठेवणार नव्हतं, त्याबद्दलही त्यानं आधीच खुलासा करून टाकला.

आता दुसरी पाटी आठवा. 'द केरला स्टोरी'च्या टीझरमध्ये ३२,००० मुलींचा आकडा होता. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात प्रकरण गेलं, तेव्हा कुठे चित्रपटाला पाटी लावावी लागली की या आकड्याला अधिकृत आधार नाही आणि ही कथा काल्पनिक स्वरूपाची आहे. तोवर चित्रपट लागून दोन आठवडे होत आले होते.

मला भयपटांबद्दल तक्रार नाही. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा कोकणची बदनामी होते म्हणून ओरड झाली. मला ती तेव्हाही पटली नव्हती. झालं काय? लोक आकेरीचा तो वाडा बघायला गाड्या करून जाऊ लागले. 'तुंबाड'मधलं गाव नावापुरतं तरी आमच्याच जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातलं. हस्तर बघून कोणी तुंबाडच्या माणसाला घर भाड्यानं द्यायचं नाकारलं, असं मी तरी ऐकलं नाही. भूत पडद्यावर राहतं. माझा आक्षेप आहे तो पडद्यावरचं भूत प्रेक्षकाबरोबर घरी धाडणाऱ्यांवर.

'छावा' मी थिएटरात पाहिला. संभाजीराजांना पकडलं ते संगमेश्वरला, १६८९ साली. तेही आमच्याच जिल्ह्यात. त्यांचा छळ झाला हा इतिहास आहे आणि मी मराठीची शिक्षिका आहे, तो मला कोणी शिकवायची गरज नाही. मी रडले. पण शेवटचा तो छळ इतका वेळ चालतो की शोक मागे पडतो आणि राग उरतो, आणि ज्याच्यावर राग काढायचा तो औरंगजेब खुलताबादला मातीत जाऊन तीनशे वर्षं उलटली. मग जवळचं कोण सापडतं?

दिवे लागले. घोषणा सुरू झाल्या, 'जय भवानी, जय शिवाजी'. ही घोषणा दरवर्षी १९ फेब्रुवारीला मी स्वतः वर्गाकडून म्हणवून घेते. मला कोणी एक शब्द बोललं नाही, कोणी वळूनही पाहिलं नाही. तरी माझा हात डोक्यावरच्या ओढणीकडे गेला आणि मी ती खांद्यावर ओढून घेतली. आयुष्यात पाहिलेल्या सगळ्या सिनेमांतला सर्वांत भयंकर क्षण माझ्यासाठी हा, आणि तो सिनेमात नव्हता.

हा माझा वहम होता म्हणाल? १७ मार्च २०२५ ला नागपुरात हिंसाचार झाला. तो पूर्वनियोजित दिसतो असं मुख्यमंत्री विधानसभेत म्हणाले, आणि 'छावा'मुळे औरंगजेबाविरुद्धच्या भावना पेटल्या असंही त्यांनीच सांगितलं. मी सांगितलं असतं तर मला देशद्रोही ठरवलं असतं.

याच चित्रपटावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी हरकत घेतली, दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. बरं झालं. पूर्वजांच्या नावाचं ओझं आपण का वाहावं, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता. मग जी पोरं औरंगजेबाची वंशजही नाहीत, त्यांच्याकडून खुलासा का मागायचा?

आता जरा आपल्या घरात. 'भूतबित बघणं हराम' म्हणून टीव्ही बंद करणारे आपणच, तिसरीतल्या पोराला मोबाइलवर कबरीच्या अज़ाबच्या क्लिप दाखवतो. साप, आग, किंकाळ्या, वर घोगरा आवाज. माझ्या वर्गातली एक मुलगी त्यापायी महिनाभर दिवा मालवू देत नव्हती. ज्या अल्लाहला दिवसातून इतक्यांदा रहमान आणि रहीम म्हणायचं, त्याची ओळख पोराला सापाकडून करून द्यायची? आणि हे फॉरवर्ड करणारे पुन्हा मलाच विचारणार, सिनेमावाले द्वेष का पसरवतात. भीती विकायचं दुकान त्यांचं मोठं आहे, आपलं गल्लीतलं.

सिनेमा लागला त्या आठवड्यात आठवीतला एक मुलगा तास संपल्यावर टेबलाशी घुटमळत राहिला. त्याचं आजोळ संगमेश्वरचं.

"मॅडम, त्या पिक्चरमधे आपण कोण?"

मी नकाशा काढला. शास्त्री नदी दाखवली, कसबा दाखवला, तुझी नानी इथली, म्हणजे ज्या गावात राजांना पकडलं त्या गावचा तू, असं काहीबाही सांगितलं. त्यानं मान डोलावली.

"तुम्ही बघितलात का?"

"हो."

"भीती वाटली?"

"शेवटी थोडी," मी म्हणाले. ओढणीचं सांगितलं नाही.