दरबारीचा अर्ज

दिल्लीस बदली होऊन आलेल्या मराठी मंडळींच्या बैठकीत संगीताचा विषय निघाला, की एक किस्सा हटकून सांगितला जातो. १९६० साली सरोदवादक उस्ताद हाफिज अली खाँ यांना पद्मभूषण मिळाले. आपणांसाठी काही करता येण्याजोगे असेल तर सांगावे, असे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी त्यांना आपुलकीने विचारले. उस्तादांनी घर मागितले नाही, वर्षासन मागितले नाही. दरबारी रागाची शुद्धता बिघडत चालली आहे, गाणारे-वाजविणारे त्याच्याशी वाटेल तशी मोकळीक घेत आहेत, तेव्हा सरकारने याबाबत काहीतरी करावे, एवढेच त्यांनी मागितले. त्यांचे चिरंजीव अमजद अली खाँ यांनी ही आठवण सांगितली आहे, आणि ते ती प्रेमाने सांगतात. आमच्या बैठकीत मात्र तिचा शेवट हशात होतो. 'बिचारा भोळा माणूस! राष्ट्रपती काय रागावर वटहुकूम काढणार?'

आमचे स्पष्ट म्हणणे असे, की हा हशा अनाठायी आहे. संगीताच्या संबंधात या प्रजासत्ताकापुढे आलेल्या अर्जांत इतका निःस्वार्थी आणि इतका मुद्देसूद अर्ज दुसरा क्वचितच असेल. भोळेपणा कोणाचा असेल तर तो अर्जदाराचा नव्हे. अर्ज कोणत्या फाइलीत घालावा हे न कळल्यामुळे हसून मोकळे होणाऱ्या आम्हां फाइलवाल्यांचा आहे.

प्रथम अर्जदाराचा अधिकार पाहू. हाफिज अली खाँ हे बंगश घराण्यातले. रबाब घेऊन अफगाण मुलुखाकडून आलेल्या या घराण्याने सरोद वाढविला. वडील नन्हे खाँ यांच्यानंतर त्यांनी रामपूरचे बीनकार वजीर खाँ यांच्याकडे तालीम घेतली. वजीर खाँ तानसेनाच्या वंशातले; दरबारी ही तानसेनाची निर्मिती, असे परंपरा मानते. म्हणजे उस्तादांच्या दृष्टीने ही तक्रार घरातल्या ठेव्याची होती. त्यांचे आयुष्य गेले ते ग्वाल्हेरीस, शिंद्यांच्या दरबारी; आणि तानसेनाची कबर त्याच गावात आहे.

ग्वाल्हेर म्हटले की आम्हां मराठी माणसांची छाती फुगते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तेथली गायकी महाराष्ट्रात आणली, भातखंड्यांच्या पुढाकाराने १९१८ साली तेथे माधव संगीत महाविद्यालय निघाले, हे आम्हांस मुखोद्गत असते. पण त्याच दरबारात, त्याच मराठी राजाच्या पदरी एक सरोदिया अर्धे आयुष्य आलापीत होता, याचा आम्हांस पत्ता नसतो. संगीत म्हणजे गाणे, आणि वाद्य म्हणजे गाण्याची साथ, ही आमची जुनी समजूत आहे. त्या समजुतीमुळेच सरोदियाची तक्रार आमच्या कानी विनोद होऊन पडते.

आता तक्रार काय होती ते पाहू. दरबारीचा जीव तिच्या गंधारात आहे. हा गंधार कोमलाहूनही किंचित उतरता, आणि तो एका जागी ठरत नाही, संथपणे झुलतो. धैवताचीही तीच तऱ्हा. राग वावरतो मंद्र आणि मध्य सप्तकांत. त्याला घाईने वर नेला, की तो अडाण्याच्या वाटेला लागतो. सरोदावर हे साधणे विशेष कठीण. या वाद्याला पडदे नाहीत. गुळगुळीत पोलादी पट्टीवर डाव्या हाताच्या नखाने तार दाबून घसरवीत न्यावयाची. स्वराची जागा दाखविणारी खूण कोठेही नाही. जागा फक्त कानात. शिवाय तबली चामड्याने मढविलेली, त्यामुळे करवंटीच्या जव्याने छेडलेला नाद लवकर विरतो. त्या विरत्या नादाच्या आत गंधाराचा झोका पुरा करावयाचा! ज्याने हे वर्षानुवर्षे केले, त्याला पाच मिनिटांत उरकलेली दरबारी ऐकून कसे वाटत असेल? ज्याचे जळते त्यालाच कळते.

यावर विद्वान मंडळी म्हणतील: दुःख खरे, पण स्वरांच्या बाबतीत सरकार काय करणार? सरकारने केलेले आहे. १९४० साली रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. तिच्या ठरीव पट्ट्यांतून आपल्या संगीतातले हलते, सूक्ष्म स्वर निघत नाहीत, हे त्यामागचे एक मोठे कारण होते. ती बंदी सुमारे तीन दशके टिकली. ती योग्य की अयोग्य हा वाद वेगळा. पण गंधार किती उतरता असावा, हा प्रश्न सरकारी कागदावर येऊ शकतो, एवढे तरी त्यातून सिद्ध होते.

आणखी एक उदाहरण तर आमच्या घरचेच. १९५२ ते १९६२ या काळात नभोवाणी खाते एका मराठी मंत्र्याकडे होते: बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला. ज्यांनी कधी मैफल पाहिली नव्हती त्यांच्या घरात शास्त्रीय संगीत गेले. हे ऋण आम्ही मानतो. पण त्याच काळात मुरलेल्या कलावंतांना परीक्षामंडळापुढे बसवून, रागशास्त्राचे प्रश्न विचारून त्यांच्या श्रेणी ठरविण्यात आल्या. अनेकांना हा अपमान वाटला, आणि तो होताच. मुसलमान उस्तादांनी आमचे संगीत बिघडविले, असा केसकरांचा ग्रह होता. त्यांच्याच कारकीर्दीत एक मुसलमान उस्ताद राष्ट्रपतींसमोर उभा राहून रागाच्या शुद्धतेसाठी रदबदली करतो, यातली विसंगती आम्ही मराठी लोकांनी तरी हसण्यावारी नेऊ नये.

उस्तादांनी रक्षण मागितले होते. आमच्या व्यवस्थेने परीक्षा देऊ केली. या दोहोंतला फरक आम्हां नोकरदारांस अजून कळलेला नाही. राग नियमाने टिकत नाही. एक गुरू, एक शिष्य, आणि उत्पन्नाचा विचार न करता घालविता येतील अशी दहा-पंधरा वर्षे, यांनी तो टिकतो. संस्थानी दरबार अनेक बाबतींत निंद्य असेल, पण ही वर्षे तो पुरवीत असे. १९४८ साली ग्वाल्हेर संस्थान विलीन झाले आणि आश्रयाचा तो जुना आधार ढासळला. उस्ताद पुढे दिल्लीस आले, भारतीय कला केंद्रात शिकवू लागले, आणि २८ डिसेंबर १९७२ रोजी येथेच निवर्तले. दरबाराने जे दिले त्याची जागा घेणारे आम्ही काय उभारले? पुरस्कार. पुरस्कार चांगलाच, पण तो पिकल्या केसांना मिळतो. दरबारीचा गंधार लावावयाचा असतो तो विशीत.

सरकारला काही करावयाचे असेल, तर ते हेच: शिष्याला निवांत वर्षे द्यावीत, आणि आकाशवाणीच्या संग्रहात जे जुन्या उस्तादांचे वादन आहे ते शिकणाऱ्याला विनासायास ऐकावयास मिळावे. राष्ट्रपतींना वटहुकूम काढण्याचे कारण नव्हते. खालच्या टेबलांवर कोणीतरी तो अर्ज गंभीरपणे वाचावयास हवा होता. ती टेबले आमचीच आहेत.

पुढल्या बैठकीत कोणी हा किस्सा सांगून हसू लागला, तर आम्ही त्याला एकच विनंती करणार आहो. त्याने आधी सरोदावरील दरबारीचा संथ आलाप अर्धा तास, मध्ये न उठता, ऐकावा. त्यानंतरही त्याला हसू आले, तर त्याने खुशाल हसावे.