नवे औषध बस्तरसाठी राखून ठेवा

डासांवर नवी कीटकनाशके हवीत का? माझ्या मते हवीत, आणि लवकर हवीत. पण ती जुन्यांसारखी वाटेल तशी वापरली, तर काही वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा समोर येईल.

डीडीटीचा इतिहास पाहा. पॉल म्यूलर यांनी १९३९ मध्ये त्याचा कीटकनाशक गुण ओळखला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारताने १९५३ मध्ये मलेरिया नियंत्रणाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. घराघरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. १९६५ पर्यंत देशात वर्षाला एक लाखाच्या आसपास रुग्ण उरले. लढाई जिंकलीच असे वाटू लागले. पण १९७६ मध्ये रुग्णांची संख्या ६४ लाखांवर गेली. कामातली ढिलाई आणि साधनांची टंचाई ही कारणे होतीच, पण डीडीटीला दाद न देणारे डासही तयार झाले होते.

असे का होते? फवारणीत बहुतेक डास मरतात. ज्या थोड्या डासांमध्ये विष पचवण्याची ताकद जन्मतःच असते, ते वाचतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. आज मच्छरदाण्यांना पायरेथ्रॉइड गटातले औषध लावतात. घरातली कॉइल आणि लिक्विड यांतही बहुधा त्याच गटातले औषध असते. म्हणजे एकाच शस्त्राने आपण डासांना रोज सराव देत आहोत.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये पायरेथ्रॉइडच्या जोडीला क्लोरफेनापिर लावलेल्या मच्छरदाण्यांची शिफारस केली. पायरेथ्रॉइड डासाच्या मज्जासंस्थेवर हल्ला करते, तर क्लोरफेनापिर त्याच्या पेशींमधली ऊर्जानिर्मिती बंद पाडते. म्हणून जुन्या औषधाला सरावलेला डासही त्याने मरतो. पण हेच क्लोरफेनापिर आपल्याकडे कोबी आणि मिरचीवरच्या किडींसाठीही फवारतात. शेतातले औषध पाण्यात उतरले, तर तिथल्या अळ्यांनाही त्याची सवय होऊ शकते. डासांसाठी शोधलेली पुढची औषधे तरी शेतीपासून दूर ठेवावीत आणि आलटून पालटून वापरावीत.

काही जण म्हणतात, स्वच्छता ठेवली की औषधाची गरजच नाही. आमच्या उरल्यापुरते हे बरेचसे खरे आहे. इथे डेंग्यूचा एडिस डास कूलर, जुने टायर, ड्रम आणि कारखान्यांच्या आवारातल्या भंगारात साचलेल्या पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण सात ते दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पाणी ओतून भांडे घासले, तर ही साखळी तुटते. तरीही डास वाढले की आपण धुराच्या मशीनची मागणी करतो. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच राहतात.

बस्तरमध्ये मात्र मलेरियाचे डास जंगलातल्या ओढ्यांतही वाढतात. ओढा बादलीने उपसता येत नाही. तिथल्या गावकऱ्यांना आणि जंगलात तैनात जवानांना चांगली मच्छरदाणी आणि तिच्यावर काम करणारे औषध लागणारच. जिथे बादली पुरते तिथे औषध खर्च करणे म्हणजे जिथे ती पुरत नाही, तिथल्या माणसाच्या हातातले शस्त्र बोथट करणे.

लष्कराला हा धडा जुना आहे. १९४३ मध्ये ब्रह्मदेशच्या आघाडीवर एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते आणि त्यांत मलेरियाचे फार होते. जवान मलेरियाच्या गोळ्या नियमित घेतात की नाही, याची जबाबदारी जनरल स्लिम यांनी अधिकाऱ्यांवर टाकली आणि ती न पाळणाऱ्या तीन अधिकाऱ्यांना पदावरून काढले. गोळी उपलब्ध होतीच, कमी होती ती शिस्त.

नवी औषधे शास्त्रज्ञ शोधतील. ती टिकवण्यासाठी आपल्या वाट्याचे काम छोटे आहे: दर रविवारी हॉस्टेलचे कूलर आणि टाक्या तपासायच्या, घरी गेल्यावर गच्चीही पाहायची.