ऐरण जुनी घ्या, पण पारखून घ्या!

लोहारकामाचा छंद लागला की पहिला मोठा खर्च ऐरणीचा. माझं मत स्पष्ट आहे: बिडाची स्वस्त नवी ऐरण नको, भंगारवाल्याकडे जुनी पोलादी शोधा. मी एकदा नुसता चकचकीत रंग बघून घेतली आणि फसलो; आठवड्यात कड उडाली.

आता खिशात बेअरिंगची गोळी ठेवतो. 10 इंचांवरून सोडली आणि 7-8 इंच उसळली, तर माल चांगला. चार ठिकाणी सोडून बघा. कुठे उसळी मेली, तर भाव पाडा, नाहीतर सरळ निघा.

वरचा भाग घासून चकचकीत करू नका, कडक थर जातो. जाड ओंडक्यावर घट्ट बसवा. उभं राहून हात सोडला की मूठ ऐरणीला टेकावी.

भांडवल कमी असेल, तर पारख हीच खरी बचत!