जुनेर कुठून आणायचं?

मुलगी बाळंतपणाला येणार म्हणून मी दोन महिने आधीच कपाट उपसलं. लंगोटांसाठी जुनेर हवं होतं. हाती लागली ती यजमानांची एक विरलेली सुती लुंगी आणि माझ्या आईचं एक नऊवारी लुगडं. ते फाडायचा धीर होईना. बाकी साड्या सगळ्या सिंथेटिक. पंचवीस वर्षांत रंगसुद्धा न उडालेल्या, आणि या कामाला अगदी कुचकामी! आमच्या लहानपणी घरात जुनेर शोधावं लागत नसे. लुगडं विरलं की त्याची दुपटी, मग लंगोट, आणि अखेरीस पोतेरं.

मग दुकान गाठलं. विक्रेता म्हणाला, ''ताई, हात लावून बघा, लोणी आहे लोणी!'' मी हात लावला आणि फसले. त्या लवदार कापडाचे डझनभर लंगोट शिवले. बाळाने शू केली की ती कापडात मुरायचीच नाही, मांडीवरून वाहत थेट दुपट्यावर. चार दिवसांत जांघेत लाल पुरळ उठलं. मुलगी म्हणाली, ''आई, कापडातच काहीतरी गडबड आहे.'' मी मात्र, ''बाळांना पुरळ यायचंच,'' म्हणून तिला उडवून लावलं. त्याची खंत अजून आहे.

शेवटी तिनेच ओट्यावर लंगोट पसरून चमचाभर पाणी टाकलं. अळवाच्या पानावर राहावेत तसे थेंब उभे! लुंगीच्या तुकड्यावर टाकलं, तर क्षणात गडप.

कारण साधं आहे. नेहमीच्या दमट हवेत शंभर ग्रॅम कोरडा कापूस सुमारे ८ ग्रॅम ओलावा धरतो, पॉलिएस्टर अर्धा ग्रॅमही नाही. बोटांना मऊ लागणं आणि पाणी पिणं हे दोन वेगळे गुण आहेत आणि बाळाला दुसऱ्याची गरज असते. दुकानात मात्र विक्री होते ती पहिल्याची. पॉलिएस्टर अगदीच टाकाऊ आहे असं नाही. त्याचा पातळ पदर सुती घडीच्या वर ठेवला तर ओल खाली जाते आणि त्वचेला कोरडं लागतं. पण खाली प्यायला कुणी तरी हवं ना!

कोरं सुती कापडही लगेच पाणी पीत नाही, हे मी विसरले होते. मागावर उभे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना खळ लावतात; शिवाय कापसाच्या अंगचं मेण असतं. गरम पाण्याच्या पाच-सहा धुण्यांनंतर कापड उघडतं. जुनेराचं मोठेपण यातच होतं, ती धुणी आधीच होऊन गेलेली असत. अशा कापडाला सुगंधी 'सॉफ्टनर' लावणं म्हणजे पुन्हा मेण चढवणं.

आता 'बांबूचं कापड' आलं आहे. ते पाणी चांगलं पितं, पण बहुतेक वेळा तो बांबूच्या लगद्यापासून रसायनांनी काढलेला रेयॉनच असतो. रेयॉनला नुसतं 'बांबू' म्हणून विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१३ मध्ये काही बड्या विक्रेत्यांकडून दंड वसूल केला होता. आपल्याकडे वेष्टनावर बाळाचा हसरा फोटो मोठा आणि धाग्याचं नाव शोधावं लागतं. मला विचाराल तर उलट हवं.

आणखी एक. जाड, अनेक पदरी शिवलेले लंगोट पावसाळ्यात दोन-दोन दिवस वाळत नाहीत. चौकोनी पातळ कापड घडी घालून वापरावं. धुताना उलगडलं की एकच पदर, पंख्याखालीही वाळतो. धुणार कोण, हा प्रश्न आहेच. आमच्याकडे जावईबापू सुटीला आले की बादली त्यांच्याकडे. रात्री आणि प्रवासात मुलगी विकतचे डायपर वापरते, त्याला माझी हरकत नाही. बाळंतिणीची झोपही महत्त्वाची.

पुरळ ओसरलं त्या आठवड्यात मी आईचं लुगडं काढलं. काठ कापून ठेवले, फार विरलेला भाग वगळला, आणि बावीस चौकोन निघाले. पहिला चौकोन मुलीने ओट्यावर पसरला आणि चमचा माझ्या हातात दिला.