चिमटा कोणी शुद्ध केला?

30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 लोकांस प्लेगची लस टोचण्यात आली. पैकी एकाच बाटलीतून टोचलेले 19 जण धनुर्वाताने मेले. लस मुंबईस परळच्या प्रयोगशाळेत तयार झालेली, म्हणून सरकारने सारा दोष तेथील मुख्य डॉ. हाफकिन यांच्या माथी मारला. वस्तुतः बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला. या गोष्टीस प्रारंभी जे वजन मिळावयास हवे होते ते मिळाले नाही. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी टीकेची झोड उठविली तेव्हा कोठे 1907 साली हाफकिन दोषमुक्त झाले!

धनुर्वाताचे बीज मातीत असते आणि औषधी पाण्यात घटकाभर बुचकळल्याने ते मरत नाही. हत्यार प्रथम घासून धुवावे लागते, कारण वाळलेल्या रक्ताखाली जंतू सुखरूप राहतात; नंतर ऑटोक्लेव्हमध्ये 121 अंश सेल्सियसची वाफ निदान 15 मिनिटे. उष्णता न सोसणाऱ्या दुर्बिणी 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये 20 मिनिटे ठेवतात. चिवट बीजाणूंस मात्र तेवढ्याने काही होत नाही, त्यास कित्येक तास लागतात.

आता हा हिशेब पाहा. नोव्हेंबर 2014 मध्ये छत्तीसगडातील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एकाच डॉक्टराने काही तासांत 83 स्त्रियांवर संततिनियमनाची शस्त्रक्रिया केली. त्या सुमारास तेथील शिबिरांतल्या 13 स्त्रिया दगावल्या. कारण विषारी औषध की अशुद्ध हत्यारे, यावर वाद माजला. तो क्षणभर बाजूस ठेवू. एक दुर्बीण दर वेळी 20 मिनिटे भिजत ठेवली तर 83 शस्त्रक्रियांस सत्तावीस तास केवळ भिजवण्यातच जातात. असा दिवस कोणत्या पंचांगात आहे? संख्येचे लक्ष्य ठरविणाऱ्यांनी ही त्रैराशिकाची बेरीज केली नव्हती काय? डॉक्टरास अटक झाली. लक्ष्य ठरविणारे कोठे होते?

सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. परंतु आमच्या मते प्रश्न शिबिरापुरता नाही. प्रत्येक संच केव्हा धुतला, किती अंशांवर, किती वेळ तापविला व कोणाच्या सहीने बाहेर आला, याची नोंद रोग्याच्या कागदांस जोडलेली असावी व ती मागताच त्यास मिळावी. आणि संच अपुरे असतील त्या दिवशी शस्त्रक्रिया थांबविण्याचा लेखी अधिकार तेथील परिचारिकेस असावा.